सातव्या डोळ्याचा निळा

काकांच्या दुकानातून गेलेला डोळा एकोणचाळीस वर्षांत एकदाही परत आला नव्हता, आणि ही गोष्ट ते दिवसातून निदान दोनदा कुणाला तरी ऐकवायचेच. गिऱ्हाईक नसेल तर लेकीला ऐकवायचे. लेक कामातून मान वर न काढता "हो बाबा" म्हणायची. आता नुसतं दुकान म्हटलं की माणसाला चष्मे आठवतात, म्हणून सांगून टाकलेलं बरं: काका चष्मे करत नसत, डोळे करत. अपघातात, आजारात ज्यांचा एक डोळा गेला त्यांच्यासाठी कृत्रिम डोळा. गल्लीतले लोक त्यांना डोळेवाले काका म्हणत, आणि त्यांच्या बायकोला, अर्थातच, काकू.

काम असं चाले. गिऱ्हाइकाला उत्तरेच्या खिडकीपाशी बसवायचं. काकांनी त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसायचं. शाबूत डोळ्यात रोखून बघायचं आणि नखाएवढ्या चकतीवर बुबुळ रंगवायचं: आधी तपकिरी, मग त्यातल्या रेघा, कडेचा निळसर-करडा काठ. पांढऱ्या भागालाही वयाप्रमाणे पिवळट झाक द्यायची आणि लाल रेशमाचे धागे लावून शिरा काढायच्या. रंग काकांचा. दुपारी काका जेवून आतल्या खोलीत पाठ टेकायचे, तेवढ्यात लेक त्यावर पारदर्शक थर चढवायची आणि घासून चमक आणायची. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकासाठी काका दोन चकत्या रंगवत. एक डोळ्यात जायची, दुसरी जोड म्हणून नाव-तारीख घालून खणात पडायची. कधी डोळा हरवला, फुटला, तर पंचाईत नको.

गेली काही वर्षं मात्र काकांचं आणि उजेडाचं बिनसलं होतं. त्यांच्या मते हल्लीचे दिवेच नालायक. त्यांनी खिडकीजवळचा दिवा तीनदा बदलला, दिवेवाल्याशी भांडून चौथा आणला, आणि तोही मेला मिणमिणताच निघाला. रस्त्यावर समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांभोवती मोठं वलय दिसायचं. सुईत दोरा ओवायला लेक लागायची.

"बाबा, डोळे तपासून घ्या," लेक म्हणायची.

"मी लोकांना डोळे देतो. मला कोण तपासणार?"

शेवटी एकदा पायरी चुकून ते गुडघ्यावर आपटले, तेव्हा लेकीने त्यांना धरून नेलं. डॉक्टर तरुण होती, काकांच्या भाषेत कालची पोरगी. तिने यंत्रातून बराच वेळ पाहिलं.

"काका, मोतीबिंदू आहे. तुमच्या डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय. दोन्हींतलं. चांगलं चहासारखं."

"मला काही पिवळं बिवळं दिसत नाही."

"कसं दिसेल? वीस-पंचवीस वर्षं हळूहळू पडत आलंय. रोज थोडं. सवय होते माणसाला. वयाबरोबर बाहुलीही लहान होते, उजेडच कमी शिरतो आत. आणि भिंग गढूळ झालं की आलेला उजेड विखुरतो, म्हणून ती वलयं." मग तिने सहज विचारलं, "काम काय करता?"

काकांनी सांगितलं. डॉक्टरचा चेहरा जरासा बदलला. "रंगांचं काम," ती म्हणाली. "पिवळं भिंग निळा रंग गिळून टाकतं, काका. थोडा निळा आणि खूप निळा यातला फरक कळेनासा होतो. काही अडचण नाही ना आली?"

"एकोणचाळीस वर्षांत एक डोळा परत आलेला नाही," काका म्हणाले.

लेक शेजारीच बसली होती. तिने पर्सची चेन उघडली आणि लावली.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू एकोणीस वर्षांच्या असताना कपड्यांच्या कारखान्यात शिवणाच्या यंत्रावर बसत. एक दिवस सुई मोडली आणि तिचा तुकडा उडून डाव्या डोळ्यात गेला. काका तेव्हा तेवीस वर्षांचे, उस्तादांच्या हाताखाली उमेदवारी करत होते. ही मुलगी घाऱ्या डोळ्यांची. करडा, हिरवा, कडेला निळ्याची पुसट रेघ. उस्ताद म्हणाले, अवघड आहे, पण बघ जमतंय का. दोन बैठकांचं काम काकांनी पाच बैठका लांबवलं. सगळी कार्यशाळा तोंडाला रुमाल लावून हसत होती. पाचव्या बैठकीला मुलगीच म्हणाली, "अहो, डोळा झालाय ना आता? मग नुसतं बघत काय बसलाय?" पुढच्या वर्षी लग्न झालं.

तेव्हापासून काकूंचा डोळा काकाच करत आले. दर सात-आठ वर्षांनी नवा, कारण खोबणीही वयाबरोबर बदलते. सातवा तीन वर्षांपूर्वी केला होता. तो त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी एकट्याने केला. रंग, थर, चमक, सगळं स्वतः. म्हातारा झालो म्हणणाऱ्यांना दाखवून द्यायचं होतं. रुमालात गुंडाळून खिशातून घरी नेला, स्वतःच्या हाताने बसवला, आणि काकूंना आरशासमोर उभं केलं.

"जुळला?" काकूंनी विचारलं.

"जुळला," काका म्हणाले. काकूंनीही आरशात निरखून पाहिलं आणि मान डोलावली.

त्यानंतर महिन्याभरातच काकूंना उजेड टोचू लागला. त्या बाहेर जाताना काळा चष्मा लावायला लागल्या. दर शनिवारी चार वाजता वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या, गेली अकरा वर्षं; तेही बंद केलं. "एका डोळ्याने अक्षर लागत नाही हो आता," म्हणाल्या. काकांनी विश्वास ठेवला. न ठेवायला कारणच काय? त्यांना स्वतःलाही कुठे अक्षर लागत होतं? काकूंच्या त्या एकुलत्या डोळ्यातही भिंग पिकत आलं होतं. भिंग बदलायच्या शस्त्रक्रियेला मात्र त्या तयार नव्हत्या. शंभरातल्या नव्याण्णवांची नीट होते, असं डॉक्टर म्हणाली. "आणि शंभरावी मी निघाले तर?" काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे दुसरा आहे. माझ्याकडे तुम्ही केलेला आहे."

काकांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने पट्टी काढली आणि काका दवाखान्याच्या भिंतीकडे बघतच राहिले. उजव्याने पाहिलं तर भिंत पांढरी, गार. डावा उघडून उजवा झाकला तर तीच भिंत चहा सांडून पुसल्यासारखी. त्यांनी हा खेळ दहा वेळा केला. डॉक्टर हसली. बाहेर पडल्यावर लेकीने सांगितलं म्हणून त्यांनी आकाश पाहिलं आणि रस्त्यातच उभे राहिले.

"एवढा निळा असतो का गं?"

"असतो, बाबा."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!"

घरी काकूंनी दार उघडलं. भरदुपारी, घरात, डोळ्यांवर काळा चष्मा.

"हे काय? डोळा माझा कापला आणि चष्मा तू लावलास?"

"तुमच्याबरोबर मीही पथ्य पाळते आहे," काकू म्हणाल्या आणि लगेच आत वळल्या.

काका स्वयंपाकघरात गॅसच्या ज्योतीकडे लहान मुलासारखे बघत बसले. चार दिवस त्यांना घरातल्या प्रत्येक वस्तूचा नव्याने शोध लागत होता: पांढरा समजून वापरत होते तो सदरा पिवळट होता, काळे मोजे निळे होते. चार दिवस काकूंचा चष्मा उतरला नाही. दिवा मालवल्यावर तो काढून उशीखाली ठेवायच्या. काकांना ते खटकलं, पण आनंदात माणूस खटकलेलं बाजूला ठेवतो.

पाचव्या दिवशी ते दुकानात गेले. टेबलावर दोन डोळे तयार होते, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनी रंगवलेले, थर देऊन चमकवलेले. काकांनी एक उचलला, आपल्या उजव्या डोळ्याने पाहिला आणि त्यांचा ऊर भरून आला. सुंदर काम! त्या डॉक्टर पोरीला काय कळतंय, फरक कळेनासा होतो म्हणे. सवयीने त्यांनी खणातून त्याची जोड-चकती काढली आणि शेजारी धरली.

चकती निळी होती.

थोडी नव्हे, चांगली निळी. तपकिरी बुबुळाला खेळण्यातल्या बाहुलीसारखा निळा काठ. काकांनी आपला उजवा डोळा झाकला, डाव्याने पाहिलं. दोन्ही सारखे. पुन्हा उजव्याने पाहिलं. एक माणसाचा, एक बाहुलीचा. एकाच ब्रशने एकाच सकाळी रंगवलेल्या दोन वस्तू. त्यांनी तयार डोळा भिंगाखाली नेला. बुबुळावर वरून काढलेल्या रेघा डावीकडे झुकत होत्या. काकांच्या रेघा उजवीकडे झुकतात. लेक डावखुरी आहे.

त्यांनी अख्खा खण ओढून काढला आणि चकत्या तारखेप्रमाणे टेबलावर मांडल्या. पंधरा वर्षांपूर्वीच्या नीट होत्या. दहा वर्षांपूर्वीच्यांना किंचित निळी झाक. पाच वर्षांपूर्वीच्या पाहून त्यांनी खुर्ची ओढून घेतली. आणि शेवटच्या तीन वर्षांच्या रांगा अशा निळ्या की दारातून आलेल्या माणसालाही कळावं. त्यांचं म्हातारपण तिथे तारीखवार मांडलं होतं, त्यांच्याच अक्षरात.

लेक आली, तिने टेबल पाहिलं आणि हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"किती दिवस?" काकांनी विचारलं.

"चार वर्षं होतील."

"मी झोपलो की?"

"तुम्ही झोपलात की." ती म्हणाली. "पहिल्यांदा एका शाळेतल्या बाई आल्या होत्या परत. तुम्ही आत झोपला होतात. मी तिथल्या तिथे नवा करून दिला. मग प्रत्येक डोळ्यावर थर देण्याआधी हात फिरवायला लागले. खणातल्या चकत्यांना मात्र हात लावला नाही. तेवढं तरी तुमचं असू दे म्हटलं."

म्हणजे एकोणचाळीस वर्षांत एक डोळा परत आला होता. काकांना लाज वाटली. राग यायला हवा होता, तो येईना. चार वर्षं ते लोकांना छाती काढून सांगत होते आणि ही मागे मूग गिळून बसली होती. आणि मग एक विचार आला आणि लाजेचीही जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली.

"आईचा?"

लेकीने टेबलावरची एक चकती उलटी करून ठेवली.

"आईचा कुणी सुधारला?"

"तो तुम्ही खिशातून परस्पर घरी नेलात, बाबा. माझ्या हाती लागलाच नाही."

"तिला ठाऊक आहे?"

"तिला आरशात दिसलं नाही. तिचंही भिंग तसलंच. तुम्हा दोघांना तो जुळलेलाच दिसत होता." लेकीने डोळे पुसले. "वाचनालयात एका चिमुरडीने विचारलं तिला. म्हणाली, आजी, तुमचे दोन डोळे दोन आजींचे आहेत का? सगळी मुलं हसली. आईने घरी येऊन मला विचारलं, खरं सांग. मी सांगितलं. नवा करते म्हटलं, तर नको म्हणाली. म्हणाली, त्यांना कळलं की ते ब्रश खाली ठेवतील, मग त्यांच्याजवळ काय उरतं?"

काका घरी गेले तेव्हा काकू भाजी निवडत बसल्या होत्या, चष्मा लावून, भाजी जवळजवळ नाकाला टेकवून. काकांनी काकूंच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. काकूंनी हात धरला नाही. त्यांनी नुसतं तोंड वर केलं, डॉक्टरसमोर करतात तसं.

उजवा डोळा काकूंचा होता, सहासष्ट वर्षांचा, निवलेला, कडेला करडा. डावा ठसठशीत निळा, आणि त्याचा पांढरा भाग लहान मुलीच्या डोळ्यासारखा शुभ्र. काकांनी स्वतःच्या हाताने बायकोच्या तोंडावर हे लावलं होतं आणि जुळला म्हटलं होतं. तीन वर्षं ती ते घेऊन घरात बसली होती. त्यांना वाटलं, त्या सुईने तरी काय वेगळं केलं होतं?

"वाईट दिसतं का फार?" काकूंनी विचारलं.

"मी नवा करतो," काका म्हणाले. "आता दिसतंय मला. शनिवारच्या आत करतो. शनिवारी तू वाचनालयात जायचंस."

"जाऊ द्या हो."

"नाही. जायचंस."

त्यांनी चार दिवस दुसरं काही केलं नाही. डावा डोळा पट्टीने बांधून टाकला आणि उत्तरेच्या खिडकीपाशी काकूंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. उजव्याला सगळं दिसत होतं: हिरव्यातला मळकट भाग, निळ्याची रेघ आता जवळजवळ पुसली गेलेली, वयाने पांढऱ्यात उतरलेला पिवळा. निळ्याची बाटली त्यांनी उघडलीदेखील फक्त एकदाच. लेक मागे उभी राहून बघत होती. थर देण्याआधी काकांनी चकती तिच्या हातात ठेवली.

"हात फिरवायचाय?"

"नाही, बाबा," लेक म्हणाली. "अगदी नाही." आणि ते खरं होतं. आयुष्यात केलेल्या सगळ्या डोळ्यांत तो आठवा डोळा सर्वांत चांगला होता. काकांना ते कळत होतं, कुणी सांगायची गरज नव्हती.

शनिवारी साडेतीन वाजता काकू तयार झाल्या. स्वच्छ साडी, गोष्टींची दोन पुस्तकं पिशवीत. अक्षर पुसट लागलं तरी त्या गोष्टी पाठच होत्या. बशीत पाण्यात दोन डोळे होते, सातवा आणि आठवा. काकूंनी दोन्ही तळहातावर घेतले, खिडकीपाशी नेले, जवळ धरले, लांब धरले.

"यातला नवा कुठला?"

काका थबकले. दोन डोळ्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. त्यांनी आठवा उचलून दिला. काकूंनी तो बसवला, पापणी नीट केली आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. खूप वेळ बघत राहिल्या. मग काकांकडे वळल्या. तोंडावर दोन्ही डोळे एकाच बाईचे होते. तीन वर्षांनी काकांना आपली बायको सबंध दिसली.

"जुळला?" काकूंनी विचारलं.

"जुळला," काका म्हणाले.

काकूंनी परत एकदा आरशात पाहिलं. "मागच्या खेपेलाही तुम्ही असंच म्हणाला होतात. याच आवाजात."

"तेव्हा मला दिसत नव्हतं गं!"

"हो. पण आपल्याला दिसत नाही, असं तेव्हाही तुम्हाला वाटत नव्हतं."

"मग लेकीला विचार. तिने पाहिलाय."

"ती?" काकू हसल्या, पण हसू तोंडापाशीच राहिलं. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून चार वर्षं तुमच्याशी खोटं बोलली. मला वाईट वाटू नये म्हणून माझ्याशी नाही बोलणार? तुम्ही दोघं प्रेमाने सांगता हो, मला ठाऊक आहे. खरं सांगणारी ती चिमुरडी होती. आणि तिला जाऊन विचारायचं धाडस माझ्यात नाही."

"अगं, शपथ घेऊन सांगतो..."

"सांगू नका. मला आरशात मागचाही असाच दिसत होता." त्यांनी खुंटीवरचा काळा चष्मा काढून लावला. दारापाशी जाऊन पायातल्या चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या.

बाहेर ढग आलेले होते, टोचेल असा उजेड कुठेच नव्हता. काका पुस्तकांची पिशवी हातात धरून दाराशी उभे राहिले. चार वाजून गेले तरी तसेच उभे होते.